फुलझाडांची छाटणी : कोणत्या महिन्यांत व किती

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडला, कीं काल्हेर-कशेळीच्या बाजूस घरोघर कोयते निघतात. पेरणीच्या गडबडींतून सवड काढून कुंपणावरची जास्वंद, दारचा मोगरा, विहिरीजवळची तगर आणि कण्हेर या सर्वांवर एकाच दिवशीं हात चालविला जातो. पावसाळ्यांत सर्व कांहीं फुटतें, तेव्हां झाड आपोआप भरून येईल, असा हिशेब त्यामागें असतो. झाड फुटतें हें खरें. परंतु दिवाळीच्या सुमारास पाहावें तर कित्येक फांद्यांचे शेंडे काळे पडून वाळलेले, जाड कापांत बुरशी शिरलेली, आणि पुढच्या चैत्रांत मोगऱ्यास कळ्या मूठभर, असें दिसतें. मग दोष कधीं जमिनीला, कधीं खाडीच्या खाऱ्या वाऱ्याला, तर कधीं मालमोटारींच्या धुळीला दिला जातो. आमच्या मतें यांतील बराचसा दोष छाटणीच्या महिन्याचा आहे, आणि उरलेला कोयत्याचा.

शेतकीच्या मासिकांत दारच्या फुलझाडांस जागा कशाला द्यावी, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. त्यांनीं ठाणें-भिवंडी रस्त्यानें एक वेळ जाऊन यावें. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यांत जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आज मालाचीं गोदामें आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशीं, अशी ही जागा असल्यामुळें व्यापाऱ्यांनीं ती पसंत केली. पुढें १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला व मुंबईची जकात गेली, तरी गोदामें कांहीं गेलीं नाहींत. उलट त्यांच्या जोडीस उंच इमारती आल्या, आणि रस्त्यांत मेट्रोचे खांब उभे राहिले. या सर्वांतून ज्यांच्या हातीं घराभोंवतालचे दोन-चार गुंठे राहिले, त्यांनीं तेवढ्यांत भात लावून काय साधावें? एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चार-चार फुटांवर मोगरा लावला तर त्यांत ६८ झुडपें बसतात. तीन गुंठ्यांत दोनशें. दोनशें झुडपें ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. कल्याणचा फुलबाजार जवळ आहे, दादरचा फार दूर नाहीं. वसईच्या बागाइतदारांनीं पिढ्यान् पिढ्या फुलांवर संसार चालविले हें सर्वांस ठाऊक आहे; आणि अलीकडे जव्हार, विक्रमगड, मोखाडा या डोंगरी तालुक्यांतील कित्येक आदिवासी कुटुंबांनीं मोगरा लावून, उन्हाळ्यांत मजुरीसाठीं परगांवीं जाण्याऐवजीं घरीं राहण्याची सोय केली आहे. तेव्हां आमच्या खाडीकांठच्या शेतकऱ्यानें मोगऱ्याकडे केवळ देवपूजेचें फूल म्हणून पाहण्याचे दिवस राहिले नाहींत.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कोणत्याही फुलझुडपास कोयता लावण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला पाहिजे : या झाडास फूल कोठें येतें? कांहीं झाडांस चालू हंगामांत फुटलेल्या कोंवळ्या फांदीवर फूल येतें. मोगरा, जाई, जुई, जास्वंद, तगर, कण्हेर, गुलाब, रातराणी हीं सर्व या वर्गांतलीं. त्यांच्या बाबतींत नवा फुटवा म्हणजेच फूल. जुनी फांदी कितीही जपली तरी ती केवळ सांपळा होऊन उभी राहते. दुसऱ्या कांहीं झाडांच्या कळ्या फुलण्याच्या पुष्कळ आधीं, मागच्या वाढीवर, तयार होऊन बसलेल्या असतात. अनंत हें त्याचें ओळखीचें उदाहरण. त्याची छाटणी हंगामाच्या तोंडावर केली तर आपण फांद्या नव्हे, कळ्याच कापतों. पहिल्या वर्गांतलें झाड बहराच्या आधीं छाटावें, दुसऱ्या वर्गांतलें बहर संपतांच छाटावें. बाकीचें बहुतेक सर्व या एका नियमांतून निघतें.

छाटल्यावर झाड कां फुटतें, हेंही थोडक्यांत सांगण्याजोगें आहे. फांदीच्या शेंड्यांत एक द्रव्य तयार होतें; तें खालीं उतरतें आणि बाजूच्या डोळ्यांस निजवून ठेवतें. हॉलंडांतील वेंट नांवाच्या शास्त्रज्ञानें ओटच्या कोंबांवर प्रयोग करून या द्रव्याचें अस्तित्व १९२८ सालीं सिद्ध केलें. त्यास ऑक्झिन म्हणतात. शेंडा कापला कीं हा दाब उठतो, व खालचे दोन-चार डोळे जागे होतात. एका फांदीच्या जागीं तीन फांद्या, आणि प्रत्येकीच्या टोंकास कळ्यांचा झुबका, असा हा गुणाकार आहे. नाशिककडील द्राक्षबागाइतदार एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत गोडी छाटणी करतात, ते याच तत्त्वावर. ते वेलीस भीत नाहींत. आपण मोगऱ्यास भितों.

किंबहुना आपला ठाणें जिल्ह्यांतला शेतकरी छाटणीस नवखा आहे असें म्हणणें हाच त्याच्यावर अन्याय होईल. राब भाजण्यासाठीं ऐनाच्या फांद्या तोडण्याची रीत येथें किती जुनी आहे! या राबावरूनच सरकार व रयत यांचें वांकडें आलें, आणि १८८५ सालीं त्याच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारास फॉरेस्ट कमिशन नेमावें लागलें. दप्तरांत आयुष्य गेलेल्या आम्हांस अशा गोष्टी सहज आठवतात, म्हणून लिहिलें. सांगावयाचें तें इतकेंच, कीं तोडलेला ऐन पुन्हां फुटतो हें ज्यानें लहानपणापासून पाहिलें, त्यास दारचा मोगरा छाटल्यानें मरेल अशी धास्ती वाटूं नये.

मोगऱ्याचें थोडें विस्तारानें सांगतों, कारण पैसा त्याचाच आहे. मोगऱ्याचा मुख्य हंगाम आपल्याकडे फाल्गुनापासून मृगापर्यंतचा. त्याआधीं झाडास विसांवा मिळाला पाहिजे. डाळिंबाचा किंवा पेरूचा बहार धरतांना ज्याप्रमाणें पाणी तोडून ताण देतात, त्याचप्रमाणें हस्ताचा पाऊस ओसरून जमीन वाळूं लागली, कीं कार्तिकांत मोगऱ्याचें पाणी दोन-तीन आठवडे बंद ठेवावें. पानें पिवळसर होऊन गळूं लागलीं म्हणजे छाटणीचा दिवस आला असें समजावें. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरअखेर हा त्याचा काळ. तामिळनाडूचे शेतकरी, ज्यांच्या मदुराईच्या मोगऱ्यास २०१३ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, नोव्हेंबरच्या अखेरीस जमिनीपासून सुमारें ५० सेंटिमीटरांवर, म्हणजे वीस इंचांवर, सर्व झुडूप कापून काढतात. आपल्याकडे त्या दिवसांत हवा कोरडी असते, म्हणजे काप सुकण्यास ती अधिकच अनुकूल.

प्रथम मेलेल्या, रोगट व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्या. नंतर बोरूहून बारीक अशा किडकिड्या काड्या काढाव्या. त्या अन्न खातात व फूल देत नाहींत. मग उरलेल्या फांद्या दीड ते दोन फुटांवर सारख्या कराव्या, आणि शिल्लक राहिलेलीं पानेंही हातानें ओरबाडून टाकावीं. हें पान काढणें पुष्कळांस क्रूरपणाचें वाटतें; परंतु कोळी व कळी पोखरणारी अळी यांसारख्या किडींचा जो वंश जुन्या झुडपाच्या आश्रयानें पुढच्या हंगामापर्यंत तग धरतो, तो यामुळें बराच कमी होतो. यानंतर बुंध्याभोंवतालची माती हलक्या हातानें उकरून आठ-दहा दिवस ऊन खाऊं द्यावी, मुळें तोडूं नयेत, आणि मग झुडपामागें सुमारें १० किलो कुजलेलें शेणखत घालून आळें बांधावें. तामिळनाडू कृषि विद्यापीठाची शिफारस वर्षाकाठीं झुडपास नत्र ६० ग्रॅम, स्फुरद १२० ग्रॅम व पालाश १२० ग्रॅम अशी असून, तीं दोन हप्त्यांत, एकदां छाटणीनंतर व एकदां जून-जुलईंत, द्यावयाचीं असतात. पहिलें पाणी भरपूर, पुढचीं बेतानें. दोन-अडीच महिन्यांनीं पहिल्या कळ्या दिसूं लागतात.

खाडीच्या अगदीं कांठच्या खाऱ्या जमिनींत मोगरा मुळांतच दुबळा असतो. तेथें झुडूप एकदम वीस इंचांवर आणूं नये. तिसरा हिस्सा उंची कमी करून थांबावें. कण्हेर व बोगनवेल खारेपणा पुष्कळ सोसतात, म्हणून त्यांच्याकडे पाहून मोगऱ्याचा अंदाज करूं नये.

या छाटणीस विरोध होतो तो घरांतून. काल्हेरांतील एका घरीं चाळीसेक झुडपें आहेत, दहा-बारा वर्षांचीं. शेत पूर्वींच विकलें गेलें. तो पैसा घर बांधण्यांत व लग्नांत संपला. कळ्या पहांटे खुडून विकण्याचा जो पैसा येतो तोच काय तो घरच्या वडील बाईंच्या स्वतःच्या हातचा. झुडपें छातीइतकीं उंच वाढलेलीं, खालून नागडीं, वर पानांची छत्री. कळ्या वर्षागणिक कमी. छाटणीची गोष्ट काढतांच बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, आतां चार कळ्या तरी मिळतात. झाड तोडून रिकाम्या हातानें बसूं काय?" हा आक्षेप भावनेचा नाहीं, हिशेबाचा आहे, आणि त्यास हिशेबानेंच उत्तर दिलें पाहिजे. जुन्या झुडपाचें नूतनीकरण एका वर्षांत करण्याची सक्ती नाहीं. प्रत्येक झुडपाच्या बुंध्यांतून निघालेल्या फांद्यांपैकीं सर्वांत जुनी अशी एकतृतीयांश खोडें जमिनीपासून वीतभर ठेवून करवतीनें कापावीं. बाकीचीं नुसतीं शेंड्याकडून कमी करावीं. पुढच्या वर्षीं दुसरा तिसरा हिस्सा, त्यापुढच्या वर्षीं उरलेला. तीन वर्षांत झुडूप नवें होतें आणि कोणताही उन्हाळा रिकामा जात नाहीं. "मावशी, एवढें तरी करूं द्या," असें म्हणून त्यांची संमति मिळाली. गेल्या उन्हाळ्यांत त्या कापलेल्या बुडख्यांतून आंगठ्याएवढे जाड फुटवे वर आलेले आम्हीं पाहिले. या मार्गशीर्षांत करवत आणून देण्यास बाईंनीं स्वतःच निरोप धाडला.

ज्यांचीं झुडपें तरुण आहेत व संख्येनें पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठीं दुसरी युक्ति. सर्व बाग एका दिवशीं छाटली तर सर्व बाग एकाच आठवड्यांत फुलते. घरचीं माणसें खुडतांना पुरीं पडत नाहींत, आणि बाजारांत सर्वांचाच माल एकदम आल्यानें भाव बसतो. म्हणून बागेचे तीन भाग करावे. पहिला नोव्हेंबरच्या अखेरीस, दुसरा डिसेंबरच्या मध्यास, तिसरा डिसेंबरच्या अगदीं शेवटीं छाटावा. मोगऱ्याची कळी मिटलेली असतांनाच, दिवस वर येण्यापूर्वीं खुडावी लागते. संध्याकाळनंतर ती उमलली कीं व्यापारी तिच्याकडे पाहत नाहीं. तेव्हां हाताखालीं माणसें किती, यावरूनच भाग किती पाडावयाचे तें ठरवावें.

इतर झाडांचें थोडक्यांत. कुंद हिंवाळ्यांत फुलतो, म्हणून त्याची छाटणी बहर संपल्यावर, माघ-फाल्गुनांत. मोगऱ्याबरोबर मार्गशीर्षांत त्यावर कोयता चालविणें म्हणजे हातचीं फुलें टाकून देणें होय. कोरांटीचेंही तसेंच. अनंताचें वर सांगितलेंच आहे. पारिजातकाचीं फुलें पावसाळ्याच्या उत्तरार्धांत येतात. त्यास फेब्रुवारी-मार्चांत कमी करावें. गुलाबाच्या महाराष्ट्रांत दोन छाटण्या चालतात, जून व ऑक्टोबर. परंतु आमच्या बाजूस अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथें जूनची छाटणी म्हणजे वाळलेल्या काड्या काढण्यापुरतीच ठेवावी आणि खरी छाटणी ऑक्टोबरांत, पाऊस उघडल्यावर, करावी. गुलाबाची फांदी शेंड्याकडून काळी पडत खालीं येते, हा मर रोग. तो दिसला तर काळ्या भागाच्या खालीं दोन-तीन इंच निरोगी हिरवें लाकूड लागेपर्यंत कापावें; काळ्याच्या सीमेवर कापून भागत नाहीं.

जास्वंद बारमाही फुलते, म्हणून तिला छाटण्याचा मुहूर्त कोणी पाहत नाहीं, आणि तीच सर्वांत वाईट स्थितींत असते. थंडी ओसरतांना, फेब्रुवारींत, तिची तिसरा हिस्सा वाढ काढावी व आंतील गर्दी मोकळी करावी. गर्दींत पिठ्या ढेकूण वाढतो. पपईवरचा जो पिठ्या ढेकूण २००८ सालीं तामिळनाडूंत प्रथम आढळला व पुढें महाराष्ट्रांतही पसरला, त्यास जास्वंदही चालते. २०१० सालीं त्याच्यावर जगणारी एक बारीक गांधीलमाशीसारखी परोपजीवी माशी परदेशांतून आणून सोडण्यांत आली, व तिनें त्यास पुष्कळ आवर घातला. म्हणून घरच्या दोन-चार झुडपांवर जहाल औषध मारण्यापेक्षां भरलेला शेंडा कापून जाळणें व उरलेल्यावर साबणाचें पाणी मारणें बरें. औषधानें त्या उपयोगी माश्याही मरतात.

नव्या गृहसंकुलांच्या कुंपणांत तगर व कुंती लावलेली आपण पाहतों. दर पंधरवड्यास मोठ्या कातरीनें त्यांस चौकोनी भिंतीसारखें करतात, आणि मग रहिवासी विचारतात कीं यांस फुलें कां येत नाहींत. दोन्ही झाडांच्या कळ्या फांदीच्या टोंकास येतात. टोंक दर पंधरा दिवसांनीं कापलें तर कळी यावी कोठून? शिवाय अशा कुंपणाचीं पानें बाहेरच्या दोन इंचांत राहतात, आंत उजेड न गेल्यानें सर्व वाळलेलें. ज्यांस भिंत पाहिजे त्यांनीं भिंत ठेवावी. फूल पाहिजे त्यांनीं वर्षांतून दोनदांच, फांदी फांदी पाहून, हातकात्रीनें कापावें.

कापण्याची रीत. सिकेटर धारदार असावें; कोयत्याच्या घावानें फांदी चिरते, व चिरलेल्या जागीं पाणी मुरून कूज सुरू होते. गुलाब व जास्वंद यांचे डोळे एका आड एक असतात. त्यांस बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर, डोळ्यापासून उलट दिशेस उतार देऊन कापावें, म्हणजे नवी फांदी बाहेर पसरते व मध्य मोकळा राहतो. मोगरा, तगर व अनंत यांचीं पानें समोरासमोर जोडीनें असतात; त्यांस तिरपा काप देण्यांत अर्थ नाहीं, जोडीच्या किंचित् वर सरळ कापावें. रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जातांना पातें स्पिरिटनें पुसावें.

आंगठ्याहून जाड काप उघडे ठेवूं नयेत. त्यांस बोर्डोची पेस्ट लावावी. फ्रान्सांतील बोर्डो प्रांतीं मिलार्दे या प्राध्यापकानें १८८५ सालीं द्राक्षाच्या केवड्यावर हें औषध प्रसिद्ध केलें, आणि आजही त्याच्या तोडीचें स्वस्त औषध विरळा. घरच्या कामास १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यांत, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटरांत, असे वेगवेगळे विरघळवून गाळून एकत्र करावे. भांडें मातीचें किंवा प्लास्टिकचें. लोखंडाचें अजीबात नको. मिश्रणांत स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पुट चढलें तर चुना कमी आहे, थोडा आणखी घालावा. तयार झालेलें औषध त्याच दिवशीं संपवावें.

छाटलेला पाला-काटक्या कुंपणाशीं ढीग करून ठेवण्याची संवय वाईट. कीड तेथूनच परत येते. रोगट भाग जाळावा, निरोगी भाग बारीक करून खतखड्ड्यांत टाकावा, राबाच्या जागेवर पसरला तरी हरकत नाहीं. अपवाद कण्हेरीचा. तिचें पान, साल, लाकूड, चीक सर्वच विषारी आहे, आणि जाळल्यास धूरही बाधतो. म्हणून कण्हेर छाटतांना हातमोजे घालावे, चीक डोळ्यांस लागूं देऊं नये, आणि तिच्या फांद्या चुलींत, राबांत किंवा गोठ्याच्या वाटेवर न टाकतां वेगळा खड्डा करून पुराव्या. वाळलेलें पान गुरें ओळखीत नाहींत. चाऱ्यांत मिसळलेलें थोडेंसें पानही जनावराचा जीव घेण्यास पुरेसें होतें.